घरी केलेला बर्फाचा कुळव: चार हिवाळ्यांनंतर

हिवाळा लागला की आमच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा गॅरेजमध्ये मुक्कामाला जातो. सोबत एक लिटरचा पत्र्याचा डबा. डबा बर्फात आडवा खुपसायचा, वरचं पट्टीने निरपायचं आणि काट्यावर ठेवायचा. रात्रीतून पडलेला भुसभुशीत बर्फ ८० ग्रॅम भरतो, कधी कधी ६०च. म्हणजे डब्यात बर्फ नावाला, बाकी सगळी हवा. हाच डबा फ्रीजरमधल्या खड्यासारख्या सलग बर्फाने भरला असता तर काटा ९०० च्या पुढे गेला असता. ज्या वाटेवर स्की खचत नाही आणि सायकलचं चाक रुतत नाही, ती वाट साधारण ४०० च्या आसपास तरी असावी लागते. ८० वरून ४०० वर कसं जायचं, एवढाच माझा प्रश्न होता. त्यापायी चार वर्षांत बर्फ घट्ट करून वाट बनवणारी चार अवजारं झाली.

आपल्याच पोरांच्या उत्तरपत्रिका आपणच तपासायला बसलं की मार्क सैल हाताने पडतात, हे मला माहीत आहे. म्हणून काटा.

आधी वाट सांगते. साडेतीन किलोमीटर, सगळी खासगी जमीन, बरीचशी झाडीतून. रुंदी दीड मीटर. मधला सपाट तुकडा तेवढा तीन मीटर रुंद, कारण नवरा स्केटिंग पद्धतीने स्की करतो आणि त्याला दोन्ही बाजूंना पाय फेकायला जागा लागते. मुलगी जुन्या पद्धतीची, खाचेतून सरळ जाणारी. तिची मैत्रीण जाड टायरची सायकल घेऊन येते. मी आपली चालते. चौघींना-चौघांना चार तऱ्हेची वाट हवी आणि ओढायला स्नोमोबाईल, म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेली बर्फावरची मोटारसायकल, एकच: जुनी, रुंद पट्ट्याची, पंख्याने थंड होणारी. यातलं शेवटचं विसरू नका. पाण्याने थंड होणाऱ्या बहुतेक स्नोमोबाईल आपली उष्णता पट्ट्याने उडवलेल्या बर्फावर सोडतात. मागे ओझं लावून कडक वाटेवर सावकाश निघालं की बर्फ उडत नाही आणि थोड्या वेळात तापमानाचा दिवा लागतो. आमची पंखेवाली कानठळ्या बसवते, पेट्रोल ढोसते, पण तासभर रखडली तरी कुरकुर करत नाही.

मोठ्या स्की-केंद्रांवर फिरणाऱ्या यंत्रांशी यातल्या कशाचीच तुलना करू नये. त्यातली प्रसिद्ध पिस्टनबुली, उतारावरचा बर्फ सपाट करणारी पट्ट्यांवरची गाडी, पहिल्यांदा आली १९६९ मध्ये. आज तिची मोठी भावंडं आमच्या वाटेत शिरली तर बर्फाच्या आधी झाडांची मशागत होईल.

पहिलं अवजार म्हणजे ट्रकचा जुना टायर आणि एक दोर. याला अवजार म्हणायला मुलगी आजही तयार नाही. सपाटीवर टायरने बरं काम केलं. डबा २२० ग्रॅम भरला आणि मला वाटलं, झालं की! मग उतार आला. मी ब्रेक दाबला, टायरने नाही दाबला. तो सरळ येऊन मशीनच्या मागच्या बाजूला आदळला, उजवीकडून पुढे गेला आणि जाताना दोर पट्ट्याखाली घालून गेला. उणे १५ मध्ये पालथं पडून चाकूने पट्ट्यातला दोर कापायला पाऊण तास लागला. हातमोजे घालून गाठ दिसत नाही आणि काढून बोटं दिसेनाशी होतात.

खरं तर ही चूक मला शोभत नव्हती. नांगराला इसाड का असते, हे ज्याने नांगर पाहिलाय त्याला सांगावं लागत नाही. ओढणारा आणि ओढलं जाणारं यांच्यामध्ये दांडी हवी, दोर नव्हे. बर्फात तर दुप्पट हवी, कारण तिथे सगळंच घसरतं. तुम्ही या लेखातलं दुसरं काही नाही केलं तरी चालेल, पण दोर लावू नका. टायरला दहापैकी तीन, तेही फुकटात मिळाला म्हणून.

दुसऱ्या हिवाळ्यात रूळ केला. ही कल्पना फार जुनी. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला उत्तर अमेरिकेच्या थंड भागात रस्त्यावरचा बर्फ काढत नसत, दाबत असत. घोडे जुंपलेले माणसाच्या उंचीचे लाकडी रूळ फिरायचे, म्हणजे वरून घसरगाड्या नीट चालाव्यात. छप्पर असलेल्या लाकडी पुलांवर बर्फ पडायचा नाही, तर माणसं लावून फावड्याने तो आत पसरावा लागे, नाहीतर गाडी पुलावर अडायची. मला ही गोष्ट फार आवडते. बर्फ वाहून आणून पुलावर टाकणाऱ्या माणसाला त्याच्या बायकोने संध्याकाळी काय विचारलं असेल!

रुळाची उंची कशासाठी, हे मात्र मला करून चुकल्यावर कळलं. मी हाताशी होता म्हणून ३० सेंटिमीटर व्यासाचा पाईप घेतला. ताज्या बर्फात तो फिरलाच नाही. पुढे बर्फाचा ढीग ढकलत गेला, ढीग गुडघ्याएवढा झाला आणि मशीन अडली. रूळ लहान असला तर बर्फावर चढत नाही. मग मोरीला घालतात तो प्लॅस्टिकचा वळ्यावळ्यांचा पाईप आणला, ६० सेंटिमीटर व्यासाचा, सव्वा मीटर लांब. दोन्ही तोंडांना प्लायवूडच्या जाड चकत्या, मधून लोखंडी नळीचा आस, आणि बेअरिंगऐवजी कडक प्लॅस्टिकचे बुश, म्हणजे आस ज्यात फिरतो ती साधी नळकांडी. ग्रीसचं बेअरिंग थंडीत आखडतं, बुशला तो त्रासच नाही. पाईपच्या वळ्यांमुळे वाटेवर बारीक पट्टे उठतात. बघायला छान दिसतात आणि पायाला पकडही मिळते.

रुळाचे दोष दोन. पाईप काळा, त्यामुळे उन्हात तापतो, बर्फ चिकटतो, चिकटलेल्यावर आणखी चिकटतो आणि अर्ध्या तासात तुम्ही रूळ नव्हे तर एक भलामोठा बर्फाचा लाडू ओढत असता. पांढरा रंग लावून पाहिला, पहिल्याच आठवड्यात सालपटं निघाली. आता सरळ सूर्य मावळल्यावर काढते. दुसरा दोष हास्यास्पद आहे. बोल्टच्या भोकांतून आत पाणी शिरलं, तळाशी गोठलं आणि रूळ एका बाजूने जड झाला. साडेतीन किलोमीटर धप्प… धप्प… धप्प. नवऱ्याने खिडकीतून विचारलं, "अगं, कोण पाय आपटतंय?" चकतीला कडेला एक भोक पाडलं, पाणी निघून जातं.

काट्यावर रूळ २७० पर्यंत नेतो, दोन फेऱ्या मारल्या तर ३००. सायकलवाल्या मैत्रिणीला तेवढ्यात चालतं, कारण तिच्या टायरमध्ये हवा असून नसल्यासारखी असते. ताजा जाड थर पडला असेल तर पहिला मान रुळाचाच. मोठा बर्फ चालू असताना पंधरा-पंधरा सेंटिमीटरला एक फेरी मारून घ्यावी. सगळा साठू दिला तर रूळ वरचं दाबतो आणि खाली पोकळ राहतं. वरून घट्ट दिसतं, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. पण रूळ फक्त दाबतो, उंचवटा असेल तर उंचवटाच दाबतो. वाट सरळ करणं त्याच्या स्वभावात नाही. दहापैकी साडेसहा.

आता कुळव.

बाजारात याला ड्रॅग म्हणतात, पण पाहिल्याबरोबर माझ्या तोंडून कुळव निघालं आणि घरात तेच पडलं. काम तंतोतंत तेच: वरचा थर पात्याने सोडवायचा, ढेकळं फोडायची, उंचावरचं खोलात न्यायचं आणि मागच्या पाट्याने दाबून पुढे जायचं. पहिला कुळव मी सव्वा मीटर लांब केला, कारण गॅरेजच्या दारातून सहज बाहेर निघावा. स्नोमोबाईल वारंवार गेली की वाटेवर लाटा उठतात, ठरावीक अंतरावर एकेक उंचवटा. माझा आखूड कुळव त्या लाटांवर होडीसारखा वर-खाली होत गेला. उंचवट्यावर चढला की पातं हवेत, खड्ड्यात उतरला की पातं आणखी खोल. म्हणजे लाटा कमी व्हायच्या ऐवजी कोरून निघाल्या. मला वाटलं, हलका पडतोय. वाळूची दोन पोती टाकली, चाळीस किलो. लाटा आणखी खोल झाल्या. वर एक दगड ठेवला. दगड तिसऱ्या वळणावर पडला आणि परत येताना मीच त्याला धडकले.

त्या रात्री गॅरेजमध्ये लाकडाच्या फळीला रंधा मारताना उत्तर हातात होतं, दिसलं मात्र उशिरा. सुतार लांब फळी सरळ करायला लांब रंधा घेतो. आखूड रंधा लाकडाच्या चढउतारांबरोबरच फिरतो, लांब रंधा दोन उंचवट्यांवर पूल टाकल्यासारखा बसतो आणि पातं फक्त शेंड्यांना लागतं. बर्फालाही हेच. वजन वाढवून लांबीचं काम होत नाही.

दुसरा कुळव अडीच मीटर लांब, सव्वा मीटर रुंद. पन्नास मिलिमीटरच्या चौकोनी नळीचे दोन लांब बाजूचे पाय, पुढची टोकं घसरगाडीसारखी वर वळवलेली, म्हणजे बर्फात नाक खुपसत नाही. मध्ये तीन पाती, तिन्ही लोखंडी अँगलची. पहिल्याला दात आहेत, दर पाच सेंटिमीटरला एक, ग्राइंडरने कापलेले. दुसरं पातं तिरपं बसवलंय, बर्फ डावीकडे नेतं. तिसरं उलट तिरपं, उजवीकडे परत आणतं. सगळ्यात मागे पाटा, म्हणजे जाड पत्रा, पुढची कड किंचित वर. पाती पायांच्या खाली दोन ते तीन सेंटिमीटर एवढीच. बोल्टच्या लांब भोकांमुळे ती वर-खाली करता येतात. चार सेंटिमीटर ठेवून पाहिलं, मशीनचा पट्टा जागच्या जागी फिरून स्वतःची कबर खणायला लागला.

चालत्या कुळवामागे वाकून बघायला मजा येते. दात असलेलं पातं वरची साय फोडतं. तिच्या खापऱ्या होतात. दुसऱ्या पात्यापुढे त्या खापऱ्यांची एक वळकटी तयार होते आणि ती पिठाच्या लाटेसारखी गोल गोल फिरत कडेला सरकते. फिरता फिरता खापऱ्यांचे तुकडे, तुकड्यांचा रवा. तिसऱ्या पात्याकडे पोचेपर्यंत सगळं एकसारखं झालेलं असतं आणि पाट्याखालून निघतो तो गुळगुळीत, राखाडी, कागदासारखा पट्टा. वळकटी सतत फिरत राहिली पाहिजे, हीच खूण. ती थांबून नुसती ढकलली जायला लागली तर पाती खोल आहेत किंवा बर्फ ओला आहे. ती दिसेनाशी झाली तर पाती हवेत आहेत. वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास ठेवते. जास्त पळवलं की कुळव उड्या मारतो आणि नव्या लाटा आपणच पेरतो.

बिघाड सांगितले नाहीत तर परीक्षण कसलं. पाती उचलायला मी बारा व्होल्टच्या विजेवर आत-बाहेर सरकणारा दांडा बसवला होता, बटण हँडलजवळ, अगदी ऐटीत. दुसऱ्याच आठवड्यात दांड्याच्या तोंडाशी पाणी गोठलं आणि पाती खालीच राहिली, तीही नेमकी खडीच्या रस्त्यासमोर. आता हाताने ओढायचा लोखंडी लिव्हर आहे. खाली उतरावं लागतं, पण तो कधी गोठला नाही. दुसरं, इसाडीच्या मुळाशी वेल्डिंगला तडा गेला. तडा उणे २४ ला गेला, कारण साधं लोखंड फार थंडीत ठिसूळ होतं आणि माझं वेल्डिंग तसंही कोणाला दाखवण्यासारखं नव्हतं. दोन्ही बाजूंनी तिकोनी पत्र्यांचे आधार दिल्यावर पुन्हा काही झालं नाही. आणि तिसरं, जे कोणीच आधी सांगत नाही: कुळव गॅरेजमध्ये ठेवू नका. गॅरेजमधून निघालेलं कोमट लोखंड बर्फाला लागलं की बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि पात्यांवर खडबडीत कवच चढतं. मग ते पातं न राहता खरारा होतो. बाहेर, सावलीत, दोन ओंडक्यांवर ठेवावा. म्हणजे दारातून निघण्यासाठी मी आखूड केलेला पहिला कुळव दोन्ही अर्थांनी चुकीचा होता.

कुळवाने काटा ४०० वर गेला. ४१०, एकदा ४३०. मी खूश होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वाट कधी दगडासारखी मिळायची, कधी वाळूसारखी, आणि डबा दोन्ही वेळा ४०० च. हे काय गौडबंगाल आहे ते कळायला मला जवळजवळ एक अख्खा हिवाळा लागला.

काटा नुसता भरणा मोजतो. एका लिटरमध्ये किती बर्फ बसलाय तेवढंच तो सांगतो, ते कण एकमेकांना धरून आहेत की नाही हे त्याला कळत नाही. फ्रीजरमधले सुटे खडे काही दिवसांत एकमेकांना चिकटतात, वितळलेले नसतानाही. तसंच बर्फाचे कण जिथे टेकतात तिथे बारीक सांधा धरतात, आणि तो सांधा तासागणिक जाड होत जातो. कुळवाचं खरं काम दाबणं नाहीच. नक्षीदार पाकळ्या मोडून गोलसर, बारीक कण करायचे, खालचा कमी थंड बर्फ आणि वरचा गारठलेला बर्फ मिसळायचा, म्हणजे कणांना टेकायला जास्त जागा मिळते आणि सांधे धरायला ऊब. त्यानंतरचं काम वेळ करतो. शून्याच्या जवळ सांधे लवकर धरतात, कडाक्याच्या थंडीत फार सावकाश. कुळव फिरवल्या फिरवल्या डबा ४०० भरतो आणि बोट मुळापर्यंत आत जातं. दहा तासांनी डबा तेवढाच भरतो, पण आधी तो आत शिरायलाच तयार नसतो. बोट तर विसराच.

म्हणजे वाफसा. पावसानंतर रानात लगेच औत घालत नाहीत, चिखल होतो; फार वाळू दिलं तर ढेकूळ फुटत नाही. मधली वेळ धरायची. बर्फालाही वाफसा येतो. एकदा दुपारी, तापमान शून्याच्या दोन वर, मला वेळ होता म्हणून मी कुळव काढला. बर्फ पात्यांना गोळ्यांनी चिकटला, मागे खड्डे आणि लोळे पडत गेले, आणि रात्री ते सगळं तसंच्या तसं गोठून काँक्रीट झालं. पाच दिवस त्या वाटेवरून कोणी गेलं नाही. नवऱ्याने तिला "तुझं शिल्प" म्हणून घेतलं. उलट एकदा उणे २२ च्या सकाळी काढला, तर बर्फ साखरेसारखा पाती ओलांडून सांडला, काही धरलंच नाही. तळाजवळ असा साखरबर्फ पातळ थराच्या आणि कडक थंडीच्या दिवसांत आपोआपही तयार होतो: जमीन शून्याजवळ, हवा फार थंड, मधली वाफ वर सरकते आणि खाली कोनांकोनांचे, एकमेकांना न धरणारे खडे उरतात. त्यात कुळव घालणं म्हणजे वाळूत भिंत बांधणं. तिथे रूळ फिरवावा आणि पुढच्या बर्फाची वाट बघावी.

माझी परीक्षा मुठीची. मूठभर बर्फ दाबायचा. लाडू वळला आणि हाताला पाणी लागलं नाही, तर निघायचं. पाणी सुटलं, तर संध्याकाळपर्यंत थांबायचं. वळलाच नाही, तर रूळ. बहुतेक दिवशी योग्य वेळ म्हणजे सूर्य खाली गेल्यावर, पारा उतरायला लागला की. फिरवायचं आणि सकाळपर्यंत कोणालाही पाय ठेवू द्यायचा नाही. हे शेवटचं लोखंडाच्या कामापेक्षा अवघड. वाट गुळगुळीत दिसली की नवऱ्याला राहवत नाही. डोक्याला दिवा बांधून नऊ वाजता दारात उभा. "एकच फेरी, अगं, हळू जातो." एका फेरीने पडलेल्या खाचा दुसऱ्या दिवशी तशाच गोठलेल्या असतात, आणि त्या मिटवायला मला परत पेट्रोल जाळावं लागतं.

आणखी एक, कुळवाच्या नावावर जाणारं पण खरं उन्हाळ्यातलं काम. खुंट जमिनीलगत कापले, गवत छाटलं, डोकं वर काढलेले दगड उचलले, तर पंधरा-वीस सेंटिमीटर बर्फावरही वाट चालू होते. नाहीतर दुप्पट बर्फाची वाट बघा. आणि थर पातळ असताना दात असलेलं पातं उचलूनच ठेवायचं. पाचोळा वर आला की प्रत्येक काळं पान उन्हात तापून आपल्यापुरता एक खड्डा पाडतं.

उतारांची मशागत नीट करायला पहिल्यांदा ज्यांनी डोकं लावलं त्यांच्यात कोलोरॅडोतल्या विंटर पार्क स्की-केंद्राचे स्टीव्ह ब्रॅडली यांचं नाव येतं. १९५० च्या दशकात त्यांनी फळ्याफळ्यांचा रूळ आणि त्याच्यापुढे खाली-वर होणारं पातं असं अवजार केलं. इंजिन नाही. उतारावर त्याच्यापुढे स्की करणारा माणूस, अवजार त्याच्या मागे, आणि ओढायला गुरुत्वाकर्षण. हे वाचलं तेव्हा मला माझा टायर आठवला. मला जे एकदा वाटलं ते त्या माणसांना दिवसभर वाटत असणार. पण पातं आणि रूळ एकत्र, हा विचार तेव्हाच पक्का झालेला होता. मी काही नवं केलेलं नाही.

कुळवाला दहापैकी साडेआठ. अर्धा मार्क वेल्डिंगचा गेला, एक उजव्या वळणाचा. उजवीकडे वळताना मागचा डावा कोपरा बर्फात घुसतो आणि कडेला एक चर पडतो. इसाड अजून अर्धा मीटर लांब हवी, की पाट्याचा कोपरा गोल करायला हवा, यावर घरात दोन पक्ष आहेत.

चौथं अवजार पाभर. मुलीसाठी खाच पाडणारं. दोन काकऱ्या समांतर पाडायच्या म्हणजे पाभरच की. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमांत दोन खाचांच्या मध्यांमधलं अंतर १७ ते ३० सेंटिमीटर आणि खोली २ ते ५ सेंटिमीटर असं दिलंय. मी २२ आणि ३ धरलं. ठोकळे लाकडाचे, आणि त्यांना वरून भाजी चिरायच्या पांढऱ्या प्लॅस्टिक पाटांचे तुकडे स्क्रूने बसवले, कारण त्याला बर्फ चिकटत नाही. (पाट दोन होते. आता एक आहे. वजनकाट्याबरोबर तोही हिशेबात धरला जातो.) पुढची बाजू नावेसारखी निमुळती, नाहीतर खाच पडत नाही, फाटते. खाचेच्या भिंती किंचित कलत्या ठेवल्या. सरळ उभ्या केल्या तेव्हा मुलीचं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, दोन्ही बाजूंना घासायचं आणि ती प्रत्येक ढकलीला "आई" म्हणायची.

पाभर कुळवाच्या मागे लगेच जोडली की काम होतं. तासाभराने गेलं तर बर्फ धरायला लागलेला असतो आणि कडा तुटतात. वळणावर ठोकळे उचलायला हवेत, नाहीतर खाच आतल्या बाजूला ओढली जाते; माझ्याकडे उचलायची सोय नाही, म्हणून वळणांवर खाचच नाही. मुलगी म्हणते, रेल्वेचे रूळ वळणावर संपलेत असं वाटतं. सहा. तिने साडेचार दिले.

मागच्या वर्षी आठ दिवस एक तयार, कारखान्यातला ओढायचा ग्रूमर वापरायला मिळाला होता. खोटं बोलणार नाही, तो चांगला होता. दात स्प्रिंगच्या पोलादाचे, दगडाला लागले तर वाकून परत सरळ. खोली बसल्या जागेवरून बदलता येते. वेल्डिंग इतकं एकसारखं की मी त्यावरून बोट फिरवत बसले. पण तो आमच्या वाटेपेक्षा रुंद, दोन झाडांमधून तिरका करून काढावा लागला, आणि डबा? ४२०. माझ्या कुळवाइतकाच. तो चुकीच्या वेळी फिरवला तेव्हा शिल्पही तितकंच झालं.

वाट पाच किलोमीटरच्या आत असेल, घरात वेल्डिंग मशीन असेल आणि एखादा हिवाळा चुकांत घालवायची तयारी असेल, तर घरीच करा. मोजून नाही, पण अंदाजे सव्वीस-सत्तावीस तास कुळवाला लागले, त्यातले सहा पहिल्या आखूड कुळवाचे तुकडे करण्यात. वाट लांब असेल, रोज लोक येणार असतील, तर तयार घ्या. गोठलेल्या तळ्यावरून वाट न्यायचा मोह होतो, तो आवरा. मशीन, माणूस आणि मागचं लोखंड मिळून बर्फावर किती भार पडतो ते काट्यावर मावत नाही. आणि एकटं निघताना फावडं, बर्फात चालायचे जोडे आणि परत यायची वेळ घरी सांगून निघा. मशीन रुतली तर साडेतीन किलोमीटरही पुष्कळ लांब असतात.

पाभरीला उचलायचा लिव्हर येत्या उन्हाळ्यात बसेल. कुळवाच्या कोपऱ्याचं ठरलेलं नाही. काटा परवा स्वयंपाकघरात परत गेला, आणि नवऱ्याने त्याच्यावर पहिल्यांदा काय ठेवलं असेल तर बाहेर सावलीत उरलेल्या ढिगातून डबाभर बर्फ. ५८०. "बघ," म्हणाला, "तू न फिरवता."